प्रणालीला विचारून

मंगळ., २५ नोव्हें.
प्रणाली आली शाळेत. नववीचा वर्ग. आई सोबत, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. वर्गात नेण्याआधी आईने मला व्हरांड्याच्या कोपऱ्यात नेऊन ओढणी सोडून दाखवली. डाव्या कानाच्या वर हाड नाही. कातडी आत बसलीय आणि ती हलते. श्वासाबरोबर की नाडीबरोबर, कळलं नाही, कारण मी नीट पाहिलंच नाही. पाहिल्यासारखं केलं.

सप्टेंबरात वडिलांच्या मोटरसायकलवरून पडली, टोकावड्याच्या अलीकडच्या वळणावर. मेंदूला सूज, म्हणून कवटीचा तुकडा काढला. तो तुकडा तिच्याच पोटात, कातडीखाली ठेवलाय. तिथे टिकतो म्हणे. जानेवारीत परत बसवायचा. तोवर डोक्याला काही लागायचं नाही. काहीही.

इतकी वर्षं विशेष शिक्षिका म्हणून मुरबाडच्या शाळांतून हिंडतेय. न ऐकू येणारी मुलं, न चालणारी, न बोलणारी, सगळी पाहिली. हे नव्हतं पाहिलं. चालते, बोलते, हसते, उजवा पाय किंचित ओढते एवढंच, बाकी दिसायला ठणठणीत. आणि मेंदूवर नुसती कातडी.

हेडसर : "मॅडम, तुमच्या जबाबदारीवर हां." मी हो म्हटलं. का म्हटलं, देव जाणे.

गुरु., २७ नोव्हें.
"बाई, तुमी कोन?"
परवा एवढ्या गप्पा झाल्या. आज कोरी पाटी. अपघाताच्या आधीचं सगळं आठवतं, आठवीतल्या कविता धडाधड म्हणते. कालचं नाही. माझा फोटो तिच्या बाकावर चिकटवला, खाली नाव. पोरं हसली. हसू देत.

एका वेळी एकच गोष्ट सांगायची. "पुस्तक काढ." थांबायचं. "पान उघड." थांबायचं. बाकीच्या सरांना हे परत परत सांगतेय आणि ते मान डोलावतायत. माझे इथले वार मंगळ, गुरु, शुक्र. इतर दिवशी काय?

मधल्या सुट्टीत मुलांच्या घोळक्यात जाऊन म्हणाली, "माझां डोकां पोटात हाय, दाखवू?" आणि कुर्ता वर. दिव्याने झडप घालून खाली ओढला. दिव्या तिच्या शेजारच्या घरातली, बाकही एकच. पोरगी हुशार आहे, आरडाओरडा केला नाही, फक्त माझ्याकडे बघितलं.

शुक्र., २८ नोव्हें.
मैदानात क्रिकेट बंद करायला लावलं. सातवीची मुलं माझ्या नावाने खडे फोडतायत. फोडा.

वर्गात सगळ्यांना उभं करून सांगितलं : धक्का नाही, टपली नाही, दप्तर फेकायचं नाही. फारच घाबरवलं बहुतेक. आता तिच्या आजूबाजूने पोरं अशी जातात, जशी ओल्या भिंतीचा रंग लागेल म्हणून जातात.

घरी येताना बसमध्ये माझंच डोकं खिडकीच्या दांडीला आपटलं. काही झालं नाही. तरी मुरबाड येईपर्यंत ती जागा हाताने धरून होते.

मंगळ., २ डिसें.
डॉक्टरांनी सांगितलेलं हेल्मेट ती घालत नाही. उकडतं, खाजतं. काल विहिरीत टाकून आली म्हणे. आई रडकुंडीला. "मारू पन शकत नाय तिला," म्हणाली. आणि लगेच जीभ चावली.

विज्ञानाच्या सरांशी वाजलं. तिसऱ्या तासाला प्र. बाकावर डोकं टेकते. सर म्हणतात, नाटक. म्हटलं, सर, तुम्ही ताप अंगात असताना तासन्‌तास कुणाचं बोलणं ऐकून घेऊन दाखवा. तिचा मेंदू सकाळपासून तेच करतोय. लवकर दमतो. दमला की बंद पडतो. सर म्हणाले, "पण दिसायला तर चांगली आहे." हेच तर. हात मोडला असता तर सगळ्यांना दिसला असता.

आता तिसऱ्या तासानंतर थोडा वेळ ऑफिसच्या बाकड्यावर झोपते. हेडसरांनी स्वतः पंखा चालू करून दिला. माणूस वाईट नाही, घाबरट आहे. माझ्यासारखाच.

गुरु., ४ डिसें.
शाळेनंतर तिच्या पाड्यावर गेले. आजी ओटीवर बसून जुन्या लुगड्याची चुंबळ वळत होती, डोक्यावर हंडा ठेवायची. त्या कड्याकडे बघता बघता डोक्यात आलं. मधे पोकळ, भोवती जाड. हाड नाही तिथे दाब नाही, आजूबाजूला गादी. आणि चुंबळ प्र. ला नवी नाही, लहानपणापासून घालतेय. डोकं नाही म्हणणार नाही.

आजीला सांगितलं, चुंबळीसारखी टोपी करून द्याल का, डावीकडे मोठी, हनुवटीखाली नाडी. आजी म्हणाली, "करते की. तुमचां बाई डोकां लय चालतां." खूश होऊन आले. किती दिवसांनी खूश.

मंगळ., ९ डिसें.
टोपी झाली. लाल-हिरव्या चिंध्यांची, मऊ, भक्कम. फोटो काढून हॉस्पिटलच्या सिस्टरना पाठवला. उत्तर : डॉक्टरांनी बघितलं, हेल्मेटला तोड नाही, पण काहीच न घालण्यापेक्षा बरी. प्र. ने दिवसभर काढली नाही. दोन मुली म्हणाल्या, आम्हालाही पाहिजे.

शुक्र., १२ डिसें.
आज चार ओळी स्वतः लिहिल्या. विषय : आमचा बैल. तिसऱ्या ओळीत बैल विसरली आणि दवाखान्याकडे वळली, पण लिहिल्या. मी शिक्षक-खोलीत मिरवल्या.

मग संध्याकाळ. शाळा सुटल्यावर ती सरळ हायवेवर चालत गेली, माळशेजकडून ट्रक येत असताना. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. दिव्याने ओरडून थांबवलं. मी धावले. ट्रकवाल्याने शिव्या घातल्या, त्या मी घेतल्या. प्र. हसत होती.
"तुला भीती नाही वाटली?"
"कशाची?"
खरंच विचारत होती. तो कप्पाच रिकामा झालाय. तिच्या वाट्याची सगळी भीती मला मिळालीय आणि मला ती पेलत नाही. घरी आल्यावर हे म्हणाले, "एवढं अंगाला लावून घेऊ नकोस." अंगाला कोण लावून घेतं मुद्दाम?

मंगळ., १६ डिसें.
आज आईने सांगितलं ते आधी लिहून ठेवते.

रविवारी पाड्यावर हापशीवर बायकांची गर्दी. प्र. आईबरोबर गेली होती; आई रांगेत पुढे, पाठमोरी. भरलेल्या हंड्यापाशी उभी, डोक्यावर टोपी. दिव्याची मावशी सापगावहून आलेली, तिला काही माहीत नाही. तिने बघितलं : पोरगी, डोक्यावर चुंबळ, पायाशी हंडा. वाकली, हंडा उचलला, "धर गो" म्हणाली आणि चढवला.

इथे हे कुणी विचारत नाही. चुंबळ दिसली की शेजारची हंडा चढवते. त्यात मदत आहे, माया आहे. कुणाचीही मावशी हेच करेल.

आणि प्र. चालायला लागली.

आईने सांगितलं तेव्हा मी खाली बसले. आई मात्र हसत होती, डोळ्यांत पाणी. कारण अपघातापासून प्र. उजवा पाय ओढते, एका बाजूला कलते. हंडा डोक्यावर आल्यावर सरळ चालली. मान ताठ, पाय बरोबर. घरापर्यंत. पाणी सांडलं नाही. अख्खा पाडा ओट्यावर येऊन बघत होता. "बाई, माझी पोर बरी झाली."

तिला काय सांगू? शरीराला जुनी सवय आठवते, डोक्याला आठवावी लागत नाही, हे पुस्तकात वाचलंय. ते बरं होणं नव्हे. आणि पाय जरा अडखळला असता तर? भरलेला पितळी हंडा, आणि खाली नुसती कातडी.

टोपीची कल्पना माझी. हेल्मेटवर कुणी हंडा ठेवला नसता.

आजीने टोपीवर भगवी पट्टी शिवलीय आता, चुंबळीपेक्षा वेगळी ओळखू यावी म्हणून, आणि पाड्यावर घरोघर जाऊन सांगून आलीय, हिच्या डोक्यावर काही चढवू नका. मी सांगायच्या आधी. म्हातारी माझ्याशी बोलताना वर बघत नव्हती.

गुरु., १८ डिसें.
ज्याची भीती होती तेच. वडील, काळूराम, शाळेत आले. उभ्या उभ्या बोलले. "बाई, जी हंडा नेते तिला परत कशाला कापायचां? आपरेशन नको आमाला."

मी सगळं सांगितलं. हाड पोटात कायमचं राहत नाही, झिजत जातं. उशीर झाला की मग बसत नाही. हाडाशिवाय एक दगड पुरे, एक फांदी पुरे. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणारा माणूस फार अवघड. भांडला असता तर भांडले असते.

"बराबर हाय तुमचां," म्हणाले आणि गेले. चहा तसाच राहिला.

हॉस्पिटलने १३ जाने. ही तारीख दिलीय. ही गेली तर पुढची कधी मिळेल, कुणी सांगत नाही.

शुक्र., १९ डिसें.
प्र. चं डोकं दुखतंय. हंड्यामुळे? की उन्हामुळे, की दमल्यामुळे? दर तासाला जाऊन तिच्या डोळ्यांत बघते, बाहुल्या सारख्या आहेत का. वर्गातली मुलं माझ्याकडेच बघतात आता, तिच्याकडे नाही. सिस्टरना फोन. म्हणाल्या, उलटी झाली, गुंगी आली तर ताबडतोब आणा. दुपारपर्यंत थांबलं दुखणं. माझं सुरू झालं.

शुक्र., २६ डिसें.
काल नाताळची सुट्टी. आज शाळा सुटल्यावर पाड्यावर. ठरवून गेले होते, आज हो म्हटल्याशिवाय उठायचं नाही.

काळूराम अंगणात, बैलांसमोर पेंढा टाकत होता. म्हटलं, काळूरामदादा, खरं कारण सांगा. हंड्याचं नको. त्याने आणखी एक पेंढी सोडली. मग पेंढ्याकडे बघत :
"पयल्या टायमाला बी मीच बसवली व्हती तिला गाडीवर. ती नको म्हनत व्हती. पाऊस हाय, येस्टीनं जाऊ म्हनली. मी म्हनलो, बस गो, काय नाय व्हत. आता परत मीच सांगू, बस, काय नाय व्हत?"

मी त्याला इतके दिवस अडाणी समजत होते मनातल्या मनात, आणि तो माझ्याइतकाच घाबरलेला होता. जास्तच.

तेवढ्यात प्र. आतून आली. सगळं ऐकत होती बहुतेक. म्हणाली, "माझां हाड ना? मग मला कोन का नाय इचारत?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. मी सुद्धा नाही. उद्या विसरणारच आहे, तर काय विचारायचं, असं धरूनच चाललो होतो.

मग मी विचारलं. सगळं साधं करून : पोटातलं हाड डोक्यात बसवायचं. परत दवाखान्यात जावं लागेल. डॉक्टर कापतील. दुखेल. बसवायचं?
"बसवा. पोटात टोचतां."
काळूराम म्हणाला, "उद्या तिला आठवनार बी नाय काय बोलली." खरं आहे.
म्हटलं, मग उद्या परत विचारू. आणि परवा परत. दर वेळी नव्याने विचारू. दर वेळी तेच बोलली, तर ते तिचं म्हणणं. वेगळं बोलली, तर मी परत येणार नाही.
असं बोलून बसले खरी.

मंगळ., ३० डिसें.
विचारलं. तेच शब्द, त्याच क्रमाने. "बसवा." शुक्रवारचं काहीही आठवत नाही. मला शंका : माझ्या आवाजातून तिला कळतं का मला काय हवंय? ही मुलं समोरच्याला आवडेल ते बोलतात पुष्कळदा. गुरुवारी उलटं विचारायचं.

गुरु., १ जाने.
उलटं विचारलं. "राहू दे ना तसंच, पोटात? दवाखान्यात नको जायला?"
"नको. पोटात नको. डोक्यात पायजे. दिव्याच्या हाय तसां."
दिव्याने तिचा हात धरला. मी फळ्याकडे तोंड करून खडू शोधत राहिले.

शुक्र., २ जाने.
तेच. "बसवा."
बसला गर्दी, म्हसा गावच्या जत्रेची. उभ्याने आले. सगळे जत्रेच्या गोष्टी करत होते, बैलांचे भाव, पाळणे. मी एकटीच तोंड पाडून. एक आजीबाई म्हणाली, "काय गो, कोन आजारी हाय का घरात?" हो म्हटलं.

मंगळ., ६ जाने.
काळूराम स्वतः विचारतोय. आईने सांगितलं. सकाळी बैलांना सोडायच्या आधी तिच्यापुढे बसतो आणि विचारतो. मी शिकवलेले शब्द नाही, त्याचे. काय विचारतो, आईला माहीत नाही, तिला बाहेर पाठवतो. प्र. काय म्हणते, तेही सांगत नाही.

मला वाटलं होतं मी हे चालू केलंय. आता ते माझ्या हातात नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटतेय. ऑपरेशन होऊन काही वाईट झालं तर? आग्रह माझा. ते टाळून काही वाईट झालं तर? टोपी माझी. कुठूनही आले तरी मीच.

शुक्र., ९ जाने.
दुपारी काळूरामचा फोन. एवढंच बोलला : "रोज येकच बोलते. जाऊ या." आणि मग, "बाई, तुमी येनार ना?"
हेडसरांकडे रजा टाकली. त्यांनी विचारलं, "काय होईल हो?" म्हटलं, मला काय माहीत. तरी सही केली लगेच. म्हणाले, "फोन करा. कधीही."

सोम., १२ जाने.
दवाखान्यात. केस काढले. प्र. आरशात बघून हसली, "चकोट." डॉक्टर तरुण आहेत, समजावून सांगतात, घाई करत नाहीत. धोके सांगितले. सगळे. काळूराम ऐकत होता आणि खिशातला रुमाल पिळत होता. सही करताना पेन माझ्याकडे धरलं. "तुमी करा." म्हटलं, दादा, मला नाही करता येत, बापच लागतो. त्याने केली. सावकाश, पूर्ण नाव.

प्र. रात्रीचं जेवण जेवली. तिला भीती नाही. बरं आहे, म्हटलं मनात. निदान एका तरी माणसाला नाही.

मंगळ., १३ जाने. सकाळ.
वॉर्डबाहेरच्या बाकावर लिहितेय. हाताला काहीतरी काम हवं.

सकाळी हिरवा गाऊन घातला तोवर ठीक होतं. मग ट्रॉली आली. चाकांचा आवाज. प्र. उठून बसली. ट्रॉलीकडे बघितलं, वर दिव्यांकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बदलला. इतक्या महिन्यांत हा चेहरा मी पाहिला नव्हता. पलंगाची दांडी दोन्ही हातांनी धरली.
"नको. परत नको. त्या दिशी बी असांच नेलां व्हतां. वर दिवे व्हते. बाबा मागं राहिले."

तिला आठवलं. सप्टेंबर आठवला. त्या दिवसाचं एक अक्षर तिला कधी आठवत नव्हतं.

"मला भीती वाटते," म्हणाली. सरळ, स्पष्ट. बापाला म्हणाली, "बाबा, नको."

सिस्टर म्हणाल्या, होतं असं, सगळेच घाबरतात, इंजेक्शन दिलं की शांत होईल. मी म्हटलं, थांबा. कुठून आला एवढा मोठा आवाज माहीत नाही. डॉक्टर आले. आधीची केस अजून चालू आहे, म्हणाले, थोडा वेळ आहे, बोला तिच्याशी. पण तारीख गेली तर परत लगेच मिळणार नाही. हाडाचंही खरं नाही.

हायवेवरच्या त्या दिवसापासून मी एकच मागत होते, हिला जरा तरी भीती वाटू दे. वाटली. आज. आनंदाने ओरडायला हवं होतं मी. आठवतंय तिला, भीती वाटतेय तिला, याहून मोठी सुधारणा कुठली? आणि ती नको म्हणतेय.

रोजचं ते "बसवा" कुणाचं होतं? जिला काहीच आठवत नव्हतं तिचं. आज जिला आठवतंय ती नको म्हणतेय. दोघी प्रणालीच. आम्ही शब्द दिला होता, वेगळं बोलली तर थांबायचं. तो शब्द पाळावा तर तिचं डोकं आयुष्यभर उघडं. मोडावा तर परत एकदा कुणीतरी तिला "बस गो, काय नाय व्हत" म्हणतंय. आणि या वेळी ते म्हणणारी मी.

काळूराम बाहेर आला. बाकावर बसला नाही. भिंतीला टेकला.
"बाई, नाय म्हनते ती."
"हो."
"आता?"
मी सरकून बाकावर त्याला जागा केली.
"मी नाय इचारू शकत," म्हणाला. "मी इचारलां तर ती माझ्या तोंडाकडे बघून हो म्हनेल. माझी पोर हाय, मला ठावां हाय. तुमी इचारा. खरां सांगून इचारा."

खरं काय सांगू? की मलाही भीती वाटते? तेच खरं आहे. तिथूनच सुरुवात करावी लागेल.

आत ती दांडी धरून बसलीय. आई तिची पाठ चोळतेय. ट्रॉली दाराशी उभी आहे, वॉर्डबॉय मोबाईल बघतोय. मी आत जातेय, तिला विचारायला.